डांगाण कधी बघावं? (अकोले तालुका : भंडारदरा, हरिश्चंद्रगड आणि मधली भातखाचरं)

डांगाणी

मे संपत आला की मला फोन सुरू होतात. ऑफिसातले, सोसायटीतले, कुणाच्या तरी मेव्हण्याचे. "तुमचं माहेर भंडारद्याकडचं ना? दोन दिवसांत काय काय होईल तिथे?" तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून हा धागा. पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवीन.

आधी भूगोल, कारण तो डोक्यात बसला नाही तर बाकीचं सगळं 'पॉइंट' होऊन बसतं. अकोले तालुका हे नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याचं पश्चिम टोक. सह्याद्रीच्या मुख्य धारेला टेकलेलं. पलीकडे कडा तुटतो आणि खाली शहापूर-मुरबाडचं कोकण दिसतं. या टोकाच्या डोंगराळ भागाला आम्ही डांगाण म्हणतो. घाटघरला एका मोसमात पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. तिथून पन्नासेक किलोमीटर पूर्वेला अकोले गावात साधारण त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा. म्हणजे तालुका एकच, पण या टोकाला गुडघाभर चिखलात भात लावणारी माणसं आणि त्या टोकाला ऊस, टोमॅटो, डाळिंब नि आभाळाकडे बघत बसलेली बाजरी. घाटघरहून अकोल्याला निघालात तर जुलैत वाटेत कुठेतरी वायपर बंद करावा लागतो. राजूरच्या अलीकडे की पलीकडे, यावर आमच्या घरात पैज लागते.

खोरी तीन. प्रवरा रतनगडाजवळ उगम पावते, मुळा हरिश्चंद्रगडाच्या बाजूने येते आणि आढळा उत्तरेला पट्टा किल्ल्याकडून. येणारे शंभरातले नव्वद जण फक्त प्रवरेचं खोरं बघतात, कारण भंडारदरा धरण तिथे आहे. १९१० ते १९२६ या काळात बांधलेलं हे दगडी धरण. गव्हर्नर विल्सनच्या नावाने विल्सन डॅम, आणि मागचं पाणी ते आर्थर लेक. गावात मात्र दोन्ही नावं कुणी घेत नाही. 'धरण' आणि 'पाणी', बस. धरणाजवळच्या शेंडी गावाहून निघून जलाशयाला वळसा घालणारा रस्ता आहे: मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल आणि परत धरण. लोक हा वळसा अर्ध्या दिवसात 'करतात'. रतनवाडीच्या अमृतेश्वराला दहा मिनिटं, घाटघरच्या कोकणकड्यावर पाच मिनिटं, सांदण दरीच्या तोंडाशी फोटो, आणि रंधा धबधबा जाता जाता.

मला विचाराल तर ठिकाण नंतर ठरवा, आधी महिना ठरवा. तोही शेतीचा.

एप्रिल-मेमध्ये राब भाजतात. खाचराच्या एका कोपऱ्यात शेण, पालापाचोळा, गवत यांचे थर रचून ते जाळायचे, म्हणजे त्या तुकड्यातलं तणाचं बी मरतं. मग पहिल्या पावसावर तिथे भात फेकायचं. जूनच्या अखेरीस तिथे हिरवं कच्च रोप येतं. जुलैत आवणी. (लावणी म्हणालात तरी कळेल, पण आमच्याकडे आवणीच.) त्या पंधरा-वीस दिवसांत गावात कुणी कुणाशी बोलत नाही, इतकी घाई. सप्टेंबर-ऑक्टोबरला उतारावर खुरासणी फुलते, डोंगर पिवळा होतो. दिवाळीच्या आगेमागे भात कापणी, मग झोडणी. नागली (नाचणी) आणि वरई वरच्या वरकस जमिनीत. थंडीत हिरडा, लाकूडफाटा, लग्नं. आणि मार्चपासून पाणी.

हे सगळं लिहायचं कारण सांगते. दोन वर्षांपूर्वी जूनअखेरीस शहरातून एक बस भरून ग्रुप आला. रस्त्याकडेला आमच्या भावाचं राबाचं रोप उभं होतं, पोपटी, वीतभर, कार्पेट घातल्यासारखं. त्यांना वाटलं हिरवळ आहे. पंधरा-वीस माणसं त्यावर बसली, दोघं-तिघं आडवी झाली, ड्रोन उडाला. वहिनी वरून ओरडत खाली येईपर्यंत निम्मं रोप चिखलात गेलं होतं. ती माणसं वाईट नव्हती. बाई रडवेली झाली बघून पैसे द्यायला लागले. पण त्या दिवसांत पैशाने रोप मिळतं कुठे? सगळ्यांचं मोजकंच असतं. शेवटी चुलत्याच्या घरून उरलेलं आणून कशीबशी दोन खाचरं लावली. तिसरं पडीक राहिलं.

तर प्रश्न विचारा. मला माहीत असेल ते सांगेन.

---

सह्यवेडा

भाऊ, झकास धागा. पण ट्रेकरांसाठी काहीच नाही लिहिलंत? कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर, तुमच्याच तालुक्यात. हरिश्चंद्रगड, रतनगड, अलंग-मदन-कुलंगची वाट. ही पंढरी आहे आमची!

---

डांगाणी

'भाऊ' नाही, 'ताई'. माहेर लिहिलंय की पहिल्याच ओळीत. :)

गड तुम्ही लिहा, मी कळसूबाईला फक्त नवरात्रात गेलेय, तेही डोक्यावर परडी घेऊन. शिड्यांवर रांग होती आणि पुढच्या मावशी अनवाणी होत्या.

---

सह्यवेडा

माफी ताई. घ्या लिहितो.

कळसूबाई: पायथा बारी. घोटीहून राजूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच आहे, रेल्वेने इगतपुरीला उतरलात तरी घोटीहून काळी-पिवळी जीप मिळते. चढाई तीन तास धरा, लोखंडी शिड्या आहेत, वाट चुकायला वाव नाही. पावसाळी शनिवार-रविवारी मात्र जाऊ नका. शिडीवर तासभर उभं राहून धुकं बघायचं असेल तर गोष्ट वेगळी. मंगळवारी गेलात तर तोच डोंगर तुमचा एकट्याचा.

हरिश्चंद्रगड: सोपी वाट पाचनईहून, दोन-अडीच तास. खिरेश्वरहून तोलार खिंडीची वाट जुन्नरच्या बाजूने येते, लांबलचक. बेलपाड्याहून नळीची वाट, ती अनुभवी माणसाबरोबरच. वर हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर आहे आणि केदारेश्वराची लेणी, जिथे लिंगाभोवती कमरेएवढं गार पाणी आणि चार खांबांपैकी एकच शाबूत. चांगदेवांनी 'तत्त्वसार' इथेच लिहिलं. लोक इथल्या कोकणकड्यासाठी धावतात, ते बरोबरच आहे, आत वळलेला असा अर्धगोल कडा दुसरीकडे नाही. पण मी सांगेन, कड्यावर जायच्या आधी मंदिरामागच्या ओढ्याकाठी अर्धा तास बसा.

रतनगड: रतनवाडीहून. माथ्यावरचं नेढं म्हणजे आरपार भोक. वारा असा सुटतो की टोपी कोकणात.

सांदण: पावसाळ्यात आत पाऊल टाकायचं नाही. वर कुठेतरी पडलेला पाऊस दरीत लोंढा होऊन येतो, पळायला जागा नसते. वनखातं तेव्हा बंद ठेवतंच, तरी लोक 'जरा आतपर्यंत' म्हणून जातात. हिवाळ्यात जा, आणि साम्रदचा गावातला वाटाड्या घ्या.

---

ठाणेकर_निवांत

काजव्यांचं काय? मी तर त्यासाठीच विचारणार होतो. आणि ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आम्ही येतो म्हणून तिथे चार पैसे येतात. तंबू, जेवण, गाइड. 'येऊ नका' असा सूर काढून कुणाचं भलं होणार?

---

डांगाणी

'येऊ नका' कुठे म्हटलं? 'कधी या' म्हणतेय.

काजवे मेअखेरीपासून पाऊस पक्का लागेपर्यंत. सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ अशी झाडं ते धरतात. एक झाड अंधारात असतं, मग एकदम पेटतं, विझतं, पुन्हा पेटतं, आणि ती लहर पुढच्या झाडावर जाते. मी लहानपणी आजीच्या मांडीवरून बघितलंय. तेव्हा त्याला महोत्सव म्हणत नसत.

तो उजेड म्हणजे नराने मादीला घातलेली साद. गाडीचा हेडलाइट, मोबाइलची बॅटरी, रील काढायचे दिवे यांत ती साद दिसतच नाही. काही रात्री वळशाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग इतकी असते की काजव्यांपेक्षा ब्रेकलाइट जास्त. वनखातं प्रवेशाची वेळ ठरवतं, शुल्क घेतं, अभयारण्य आहे ना ते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली झालंय. पण प्रत्येक वळणावर माणूस कुठून उभा करणार?

तरी यायचंच तर आठवड्याच्या मधल्या दिवशी या. गावात घरगुती मुक्काम करा, गाडी तिथेच सोडा आणि घरच्या माणसाबरोबर चालत जा. टॉर्चला लाल कागद. झाडाखाली जायचं नाही, माद्या जमिनीवर असतात, पायाखाली येतात.

पैशाचं म्हणालात तर खरं आहे. माझ्या भाच्याने तीन खोल्या काढल्यात, त्यावर त्याच्या मुलीचं नर्सिंगचं शिक्षण चाललंय. पण तळ्याकाठचे बरेच मोठे तंबू बाहेरच्यांचे असतात, गावातली माणसं तिथे भांडी घासायला. बुक करताना एवढंच विचारा : जागा कुणाची, जेवण कोण करणार.

---

कोतुळाकडचा

ताईंनी मुळा खोऱ्याला एका वाक्यात गुंडाळलं म्हणून निषेध नोंदवतो.

आमच्याकडे धरणाचा डामडौल नाही म्हणून गर्दी नाही. कोतूळ हे बाजाराचं गाव, तिथून वर आंबित, पाचनई, कुमशेत. आणि फोफसंडी. डोंगराच्या बशीत बसलेलं गाव, सूर्य उशिरा उगवतो आणि लवकर मावळतो. कुणी फोफ नावाचा इंग्रज दर संडेला तिथे यायचा म्हणून फोफसंडी, अशी गोष्ट सांगतात. खरीखोटी त्या फोफलाच माहीत. पण ऑक्टोबरात तिथे वरईची कापणी चालू असताना जाऊन बसा, मोबाइलला रेंज नाही, कुणी विचारायला येत नाही.

आणि डांगी गाय कुणीच लिहिली नाही! काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची. हिच्या कातडीला तेलकट स्राव असतो, त्यामुळे चार महिने पावसात उभी राहिली तरी पाणी अंगावरून निथळून जातं. हात फिरवून बघा, तळहाताला चिकटपणा लागतो. जर्सी इथे आणली तर आठवड्यात खोकते. राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं, बैलांची निवड बघायला म्हातारी माणसं अशी वाकून खुरं तपासतात की डॉक्टर झक मारेल.

---

डांगाणी

निषेध मान्य. :) डांगीचं विसरले याची खरंच लाज वाटली. आमची 'चांदी' अठरा वर्षं होती.

---

मंजिरी_पुणे

माझा प्रश्न व्यावहारिक आहे. बरोबर आई (वय ७१, गुडघे दुखतात) आणि आठ वर्षांचा मुलगा. ट्रेक शून्य. दिवाळीनंतर तीन दिवस. पुण्याहून कसं जावं, काय बघावं? आईला शेती बघायची आहे, तिचं बालपण मावळातलं. मुलाला काहीही चालतं, फक्त कंटाळा नको.

---

डांगाणी

मंजिरीताई, तुमच्यासाठी तर हाच मोसम.

पुण्याहून आळेफाटा, मग संगमनेर-अकोले-राजूर सरळ रस्ता, किंवा ब्राह्मणवाडा-कोतूळकडून आतला. आईंच्या पाठीसाठी पहिला घ्या. राजूरला पेट्रोल आणि पैसे काढून घ्या, पुढे भरवसा नाही. राजूरचे पेढेही घ्या, नाहीतर घरी गेल्यावर कुणीतरी विचारतंच.

अकोल्यात अगस्ती ऋषींचा आश्रम, पहिला थांबा तिथे. मग शक्य असेल तर कोंभाळणे. पद्मश्री राहीबाई पोपेरे तिथल्या, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेचं तोंड न बघता त्यांनी गावरान बियाणं जमवलं, वाल, घेवडे, भात, भाज्या, काय नाही! त्यांची बियाणे बँक आहे. पण ते संग्रहालय नाही, कुणाच्या तरी कामाची जागा आहे, आधी विचारून जा.

दुसऱ्या दिवशी वळशाचा रस्ता, पण उलट्या दिशेने आणि अगदी सावकाश. अमृतेश्वराचं मंदिर रस्त्याला लागूनच आहे, आईंना चालावं लागणार नाही. शिलाहारांच्या काळातलं आहे, पुष्करणीच्या काठावर बसता येतं. घाटघरला मुलाला एक गंमत दाखवा. तिथे वर एक धरण, कड्याखाली चोंढ्याला दुसरं. विजेची मागणी वाढली की वरचं पाणी खाली सोडून २५० मेगावॉट वीज करतात, आणि मागणी कमी असली की तेच पाणी पंपाने परत वर. पाण्याचा झोपाळा म्हणा ना.

तिसरा दिवस मोकळा ठेवा. झोडणी चालू असते, बसा कुणाच्या तरी खळ्यावर. फक्त काम चालू असताना हातात बिस्किटाचा पुडा घेऊन नाही, 'काही हात लावू का' असं विचारून.

जेवायला नागलीची भाकरी आणि उडदाचं घुटं सांगून ठेवा. न सांगितल्यास पनीर येईल. पाहुण्यांना तेच आवडतं अशी आमच्या लोकांची पक्की समजूत झालीय.

---

ठाणेकर_निवांत

मार्चपासून 'पाणी' असं लिहून तुम्ही वाक्य तोडलंत. म्हणजे काय? एवढं धरण उशाला असताना?

---

डांगाणी

वाक्य मुद्दामच तोडलं होतं, तुम्ही पकडलंत.

भंडारद्यात ११ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. ते खालच्या निळवंडे धरणात येतं, मग ओझरच्या बंधाऱ्यावरून डाव्या-उजव्या कालव्याने संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडे. खालच्या ऊसपट्ट्याचा सगळा थाट या पाण्यावर. त्यांनाही ते हवंच, मी नाही म्हणत नाही. पण पाणी खाली वाहतं आणि आम्ही वर राहतो. काही वाड्यांत एप्रिल-मेमध्ये बायका विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने हंडा भरतात, आणि तिथून मान वळवली की धरणाचं निळं पाणी दिसतं. एवढ्या पावसाचं काय होतं, तर कातळावरून चार महिन्यांत वाहून जातं, मुरायला माती नाही.

म्हणून मेमध्ये मुक्काम करणाऱ्यांना मी सांगते, बादलीभर पाण्यात अंघोळ उरका. तुमच्या खोलीतल्या नळाची टाकी कुणीतरी टँकरच्या पाण्याने भरलेली असू शकते.

---

सह्यवेडा

हे माहीत नव्हतं. दहा वर्षं येतोय, पाण्याच्या बाटल्या भरून घ्यायचो विहिरीवर, एप्रिलमध्येसुद्धा.

इतिहासाचंही थोडं टाकतो. राघोजी भांगरे याच मातीतले, देवगावचे. सावकार आणि इंग्रज दोघांविरुद्ध बंड केलं, २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी. पट्टा किल्ल्यावर १६७९ मध्ये जालन्याच्या स्वारीवरून परतताना महाराजांनी विश्रांती घेतली, म्हणून तो विश्रामगड. आता त्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. मंजिरीताई, तिथे गाडी बरीच वरपर्यंत जाते, आईंना जमेल.

---

खादाडखाऊ

कुणी तांदळाबद्दल बोलेल का? इंद्रायणी सगळीकडे मिळतो. तिथला खास कोणता?

---

कोतुळाकडचा

काळभात. साळीचं टरफल काळसर, आत पांढरा तांदूळ, शिजताना शेजाऱ्याला कळतं. शिवाय रायभोग, ढवळ, कोळपी. उत्पन्न कमी म्हणून लोक घरापुरतंच लावतात. दुकानात शोधू नका, मुक्काम केला त्या घरात विचारा. आणि भाव करू नका राव, आवणीत कंबर मोडलेली असते.

---

मंजिरी_पुणे

जाऊन आलो! धागा वर काढते.

पट्ट्याला नाही गेलो, कोंभाळण्यालाही नाही. कारण पहिल्याच सकाळी आई खळ्यावर जाऊन बसली ती उठेचना. ज्या घरी राहिलो तिथल्या आजी पेंढ्या झोडत होत्या, मधे लाकडी फळी उभी केलेली, पेंढी डोक्यावरून फिरवून त्यावर आपटायची. आईने दोन पेंढ्या मारल्या, तिसऱ्यांदा खांदा धरला. मग ती साळ पाखडायला बसली. सूप हातात घेतल्याबरोबर तिचा हात असा चालायला लागला की मी बघतच राहिले, मी जन्मात तिला सुपात काही पाखडताना बघितलं नव्हतं. आजींनी नुसतं "येतंय की तुम्हाला" म्हटलं, बास. दोघी दुपारपर्यंत एकमेकींच्या सासूबद्दल बोलत होत्या.

मुलगा दोन दिवस डांगी वासराच्या मागे. अंघोळीनंतरही हाताचा वास जात नव्हता, आणि त्याला तो घालवायचाही नव्हता. अमृतेश्वर बघितलं, घाटघरला कड्यावर वारा इतका की आई गाडीतून उतरलीच नाही. पाण्याचा झोपाळा मात्र मुलाने वर्गात जाऊन सगळ्यांना सांगितला.

काळभात पाच किलो आणला. पण पहिला कुकर लावला तो लापशी झाला. काय चुकलं?

---

डांगाणी

अहो, नवा तांदूळ आहे तो! जुन्याच्या हिशोबाने पाणी घातलंत ना? पाऊण वाटी कमी घाला आणि शिटी एकच. उरलेला वर्षभर डब्यात ठेवा, दिवाळीला आपोआप जुना होईल.